ऑपरेटरची सही

निरंजनला ढिल्या वस्तूंचा भारी तिटकारा. चाकणच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत होता. तिथे एखादा बोल्ट हलताना दिसला की त्याला जेवण जात नसे. घरीही तेच. दाराची कडी हलवून बघ, कुकरचा दांडा हलवून बघ. एकदा सासरे जेवायला बसले होते, तर त्यांची खुर्ची हलवून बघितली. सासरे खुर्चीवरच होते.

कंपनीत त्याचा खरा मान होता तो व्हाय-व्हायसाठी. काही बिघडलं की ‘का’ असं पाच वेळा विचारायचं आणि मुळाशी जायचं, अशी ती पद्धत. पद्धत चांगली आहे हो, तिला कोण नावं ठेवतंय! पण निरंजनचा हातखंडा असा, की खणायला कुठूनही सुरुवात करा, पाचव्या ‘का’ला खाली ऑपरेटरच सापडायचा. मशीन म्हातारं असो, माल खराब असो, वीज गेलेली असो. मूळ कारण, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, ऑपरेटरला समज दिली. त्याखाली ऑपरेटरची सही. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश, फाइल बंद. इतक्या वर्षांत क्वालिटीची चूक एकदाही निघाली नाही, म्हणजे बघा माणूस किती हुशार असेल.

तर हा हुशार माणूस एका शनिवारी बायकोला म्हणाला, “उद्या गाडीची सर्व्हिसिंग मी घरीच करणार.”

स्वरूपाने हातातलं काम खाली ठेवलं. कारण सोमवारी मोशीच्या आरटीओत तिची लायसनची ट्रायल होती. एका महिला पतसंस्थेत तिची निवड झाली होती. गावोगावच्या बचत गटांकडे जायचं, पहिलीच नोकरी, आणि अट एकच: रुजू होताना लायसन हवं. घरात गाडी एक, तीही गिअरची, म्हणून ती कुरुळीच्या मैदानावर रोज पहाटे त्याच गाडीवर आठचा आकडा काढत होती. पाय जमिनीला न लावता. आता कुठे जमायला लागलं होतं.

“अहो, ट्रायल होऊ द्या की,” ती म्हणाली. “गाडी चांगली चाललीय.”

“चांगली? क्लचची दांडी हलवून बघ. खडखड हलते.”

“मला हात बसलाय त्याच्यावर.”

“खराब गाडीवर हात बसला म्हणून गाडी चांगली होते का?”

“मग युनूसभाईंना तरी दाखवा.”

युनूसभाईंचं गॅरेज दिघीला. निरंजन पूर्वी तिकडे राहायचा, तेव्हापासून गाडी त्यांच्याकडेच जायची. युनूसभाईंची एक खोड होती. कोणतीही गाडी आली की आधी कपाळाला हात लावून विचारायचे, “हिला हात कुणी लावला होता?” गेल्या वेळी त्यांनी स्वतःच लावलेला असला तरी विचारायचे. निरंजनला त्याचा राग यायचा. दुसऱ्यावर खापर फोडणारी माणसं त्याला मुळीच आवडत नसत.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं गेलं. पाने आकाराप्रमाणे मांडले गेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. बिल्डिंगमधले दोघेतिघे चहाचे कप घेऊन बघायला आले. आता माणसं बघायला आली म्हटल्यावर निरंजनला जोर चढला. क्लचची दांडी थोडी हलत होती, ती आवळली. मागच्या ब्रेकचं पायडल थोडं खाली जायचं, तेही आवळलं. चेन मधोमध बोटभर लवत होती. ती अशी ताणली की वाजवली असती तर सूर निघाला असता. गाडीबरोबर आलेलं पुस्तक माळ्यावर होतं. ते काढायला शिडी लागली असती, आणि पुस्तक बघून काम करतो म्हटलं असतं तर बघणाऱ्यांसमोर काय राहिलं असतं?

स्वरूपा दोनदा खाली आली. “अहो, दांडीला थोडी जागा लागते ना?” असं पहिल्यांदा म्हणाली. “क्लास घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं,” असं दुसऱ्यांदा.

“हे बघ,” निरंजन दांडी धरून म्हणाला, “हलतंय का? नाही ना? याला म्हणतात काम.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते सोमवारी कळायचं होतं.

सोमवारी मोशीला जाताना गाडी गुरगुरत होती. निरंजन म्हणाला, इंजिन मोकळं झालंय. ट्रायलच्या पट्ट्यावर स्वरूपाने गाडी घेतली, पहिलं वळण नीट घेतलं, आणि दुसऱ्या वळणावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. आवाज गगनात आणि गाडी जागेवर. मागचं चाक ब्रेकने धरलेलं, पुढे ओढायला क्लच तयार नाही. गाडी कलली. स्वरूपाने पाय टेकला. टेकला नसता तर आडवी झाली असती.

“पाय लागला, ताई,” तपासणारे साहेब म्हणाले. “पुढच्या सोमवारी या.”

पतसंस्थेत त्यानंतरच्याच दिवशी रुजू व्हायचं होतं. म्हणजे पुढचा सोमवार हा शेवटचा. परत येताना स्वरूपा मागे बसली होती. हेल्मेटमध्ये रडत होती, ते निरंजनला कळलंसुद्धा नाही.

कळलं असतं तरी त्याने तेच केलं असतं म्हणा. संध्याकाळी त्याने जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा मारल्या. नापास का? पाय टेकला. पाय का टेकला? गाडी थांबली. गाडी का थांबली? क्लच नीट सोडला नाही. का नाही सोडला? सराव कमी. सराव का कमी? दुर्लक्ष. उपाय: स्वरूपाला समज दिली. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याला शाळेत होती, पण अंगण आपणच खणून ठेवलं असेल तर काय म्हणायचं, ते पुस्तकात नव्हतं.

कागद घेऊन तो ओट्याजवळ उभा राहिला. स्वरूपा पोळ्या करत होती.

“वाईट वाटून घेऊ नकोस. चुकीतून शिकायचं असतं. इथे सही कर.”

स्वरूपाने कागद वाचला. मग पिठाच्या हाताने पेन घेतलं आणि सही केली. निमूट. निरंजनला बायकोचा अभिमान वाटला. कंपनीतसुद्धा इतक्या समजूतदारपणे कोणी सही करत नाही, असं तो मनात म्हणाला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. गाडीची चावी मात्र उशाखाली होती, कारण पहाटे उठून पुन्हा एकदा सगळं आवळून बघायचं होतं.

मंगळवारी गाडी रडतखडत कंपनीत पोहोचली. बुधवारी संध्याकाळी कंपनी सुटल्यावर तीच गाडी कुरुळी फाट्याच्या अलीकडे बसली. ट्रकांची रांग, धूळ, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि इंजिन ओरडतंय पण चाक ढिम्म हलत नाही. जळका वास यायला लागला. निरंजन उतरला आणि ढकलायला लागला, तर गाडी ढकलूनही जाईना. त्यानेच आवळलेला ब्रेक तो!

“काय झालं साहेब?”

ज्योतीराम होता. परभणीकडचा, ड्रिलच्या मशीनवरचा ऑपरेटर, कुरुळीतच खोली घेऊन राहणारा. गेल्याच आठवड्यात निरंजनने त्याची सही घेतली होती. भोकं तिरकी जात होती म्हणून. ज्योतीरामने मागून हात लावला आणि जोर केला, तशी गाडी इंचइंच सरकायला लागली.

“गाडीनं दगा दिला,” निरंजन म्हणाला.

“गाडी कशाला दगा देती? तुमीच लिहिता की, ऑपरेटरचं दुर्लक्ष.” ज्योतीराम हसला. “समज देऊ का?”

निरंजनला चिडायचं होतं, पण दम लागला होता. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, “ज्योतीराम, गेल्या आठवड्यात तू सही केलीस. तुझी चूक होती म्हणूनच केलीस ना?”

“छ्या! माल धरायची पिन झिजलीय की तिथली. समद्यांना ठाव हाय.”

“मग सही का केलीस?”

“आता बघा साहेब. तुमी कागद घेऊन हुबं ऱ्हाता तवर मशीन बंद. सही केली की तुमी जाता. मग आमी पिनीला पत्र्याची पट्टी लावतो, अन् काम चालू.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. शिवी दिली असती तर निरंजनने दोन दिल्या असत्या. पण इतकी वर्षं आपण मुळाशी जातोय असं वाटत होतं, आणि माणसं मात्र आपण कधी एकदाचे जातोय याची वाट बघत होती! निरंजनचं तोंड उतरलं. घरापर्यंत तो खाली मान घालून ढकलत राहिला.

पार्किंगमध्ये पोहोचला तर स्वरूपा खालीच उभी. एका हातात पाना, दुसऱ्यात माळ्यावरचं पुस्तक. साडीचा पदर खोचलेला.

“आली का एकदाची? सोमवारपासून वाट बघतेय,” ती म्हणाली. ते निरंजनला नव्हतं, गाडीला होतं.

“तू काय करतेयस?”

“ढिली करतेय. युनूसभाईंना फोन केला होता. आधी विचारलं त्यांनी, हिला हात कुणी लावला. म्हटलं, घरचाच माणूस आहे.”

“अगं, पण तू तर सही केली होतीस.”

“मग काय करणार? तुम्ही कागद घेऊन डोक्यावर उभे, आणि तव्यावर पोळी करपत होती. म्हटलं, सही केली की हे जातील, झोपतील, मग मी खाली जाऊन बघते. झोपलात, पण दोन्ही रात्री चावी उशाखाली घेऊन! चावीशिवाय गाडी चालू करून बघायची कशी?”

निरंजन मटकन पायरीवर बसला. लाज वाटली त्याला, चांगली सपशेल लाज. “मला सांगायचं नाहीस का?” एवढंच तो म्हणाला.

“सांगितलं होतं. तीनदा. शनिवारी एकदा, रविवारी दोनदा. आता उठा, मोबाइलचा उजेड धरा. आणि बोट लावायचं नाही.”

निरंजनने उजेड धरला. स्वरूपाने क्लचच्या दांडीला जागा दिली, ब्रेकचा नट मागे घेतला. चाकाचा नट सुटेना तेव्हा पान्यावर उभी राहिली. पहिल्यांदा चेन फारच सैल झाली आणि खाली लोंबली. “चुकलं,” ती म्हणाली आणि पुस्तकात बघून पुन्हा ताणली. एवढंच. ना ‘का’, ना कागद. चेन बोटभर लवायला लागली तेव्हा निरंजनचा हात शिवशिवला. त्याने तो खिशात घातला.

मग रोज पहाटे मैदान. निरंजन कंपनीच्या बसने जाऊ लागला. रविवारी रात्री तो पार्किंगमध्ये नुसता बघायला म्हणून गेला, आणि स्वरूपाने वरून गॅलरीतून हाक मारल्यावर नुसता परत आला.

सोमवारी मोशीला तो कुंपणाबाहेर उभा राहिला. स्वरूपाने गाडी घेतली. पहिलं वळण, दुसरं वळण, दांडी दोन बोटांनी धरलेली, गाडी मांजरासारखी हळू. पाय एकदाही खाली आला नाही. साहेबांनी मान डोलावून पुढच्याला हाक मारली तेव्हा ती पास झाल्याचं निरंजनला कळलं, आणि कुंपणाच्या जाळीला धरून तो लहान पोरासारखा ओरडला. येताना गाडी तिने चालवली. हेल्मेटमध्ये यावेळी ती गाणं म्हणत होती, आणि मागे बसलेल्या निरंजनला ते ऐकू येत होतं.

मंगळवारी ती नोकरीवर रुजू झाली. निरंजन कंपनीत गेला, तर ड्रिलवर भोकं पुन्हा तिरकी. साहेबांचा निरोप होताच: संध्याकाळपर्यंत व्हाय-व्हाय पाहिजे. निरंजन कोरा कागद घेऊन ज्योतीरामच्या मशीनपाशी आला. काय बोलायचं ते त्याने बसमध्ये ठरवलं होतं. तुला काय वाटतं ते सांग, मी तसंच लिहितो, पिन बदलून घेतो, असं बरंच काही. पण इतक्या वर्षांत कधी न केलेलं बोलणं जिभेवर लवकर येईना.

ज्योतीरामने त्याला कागद घेऊन उभं राहिलेलं बघितलं. मशीन बंद केलं, हात फडक्याला पुसले आणि निरंजनच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

“कुठं करू, साहेब?”