पित्तावरची घोंगडी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी घोंगडी आहे. काळी, जुनी, टोचणारी. डोणगावजवळच्या एका खेड्यात रामरावांच्या घरी खुंटीला टांगलेली.

मेंढीच्या लोकरीचं सूत कातून मला मागावर विणलं, वर चिंचोक्याची खळ चढवली. रामरावांनी मेहकरच्या बाजारातून मला खांद्यावर टाकून आणलं. पावसात मी त्यांची खोळ झाले, थंडीत पांघरूण. मग मऊ ब्लँकेटं आली आणि मी खुंटीवर गेले. कोणाच्या अंगावर पित्त उठलं की तेवढी माझी आठवण व्हायची. लाल गांधी, खाज, आग. मला उघड्या अंगावर गुंडाळायचं, घासायचं, घाम काढायचा. दोन तासांत गांधी बसायच्या. गावभर माझं नाव झालं. खरं सांगते, त्या मी बसवत नव्हते. बऱ्याचदा त्या आपोआपच बसतात. पण फुकटचं कौतुक कोणाला नको असतं? मीही फुगले.

रामरावांची सून कोकिळा. भाजीचा मळा, सोयाबीनची सोंगणी, सगळं तिच्या कमरेवर. अंग दुखलं की ती किराणा दुकानातली गोळी घ्यायची. दोनदा त्या गोळीनंतर तिच्या अंगावर गांधी उठल्या. दोन्ही वेळा मला गुंडाळलं, दोन्ही वेळा बसल्या. तिनं काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, हे एकानंही विचारलं नाही. घोंगडी घरात असल्यावर विचारायचं कशाला? ती गोळी तिच्या अंगाला चालत नव्हती. यालाच ॲलर्जी म्हणतात. आणि ती दर वेळी तेवढ्यावरच थांबेल, असं कोणी लिहून दिलेलं नसतं.

तिसऱ्यांदा भर सोंगणीत झालं, दुपारी. गोळी घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"सोंगणीच्या वक्तालेच बरं पित्त उठते इले," म्हणत सासू अन्नपूर्णाबाईंनी मला खुंटीवरून ओढलं.

"आत्याबाई, आज येगळंच हाय. घसा आवळून राह्यला," कोकिळा सासूला म्हणाली.

"घाम येऊ दे. उतरते."

नवरा गोकुळ दारात उभा होता. "दवाखान्यात न्याची काय, माय?"

"दवाखान्यात काय घोंगड्या वाटतेत? बस चुपचाप."

गोकुळ हसला. शेजारची पुष्पांजली मात्र वाकून बघत होती. "गोकुळभाऊ, ओठ पाहा ना तिचे. आवाज बी बसला. गाडी काढा."

"तू लय शिकेल हायस, माहीत हाय आमाले," सासू म्हणाली आणि मला आणखी घट्ट आवळलं.

मी तिच्या छातीला लागून होते. आत शिट्टीसारखा श्वास वाजत होता. तिची नखं माझ्या विणीत रुतली होती. मला हात असते तर मी स्वतःला फाडलं असतं. पाऊण तासानं नखं ढिली पडली, तेव्हा गाडी निघाली. मेहकर यायच्या आधीच श्वास थांबला.

"एवढा वेळ काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मांडीत एक इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर वाचायची आशा होती."

मी अजून तिच्या अंगावरच होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मुलांनो, मोठी माणसं ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर ते पित्त नाही. त्या माणसाला पायी चालवू नका, थांबून पाहू नका, तडक दवाखाना. जी गोळी एकदा बाधली तिचं नाव कागदावर लिहा, दर डॉक्टरला दाखवा, ती पुन्हा तोंडात जाऊ देऊ नका. आणि मला खुंटीवरच राहू द्या. तुम्ही तरी ऐकाल का, मला माहीत नाही. मला फार आशा नाही.

कारण कोकिळाच्या तेराव्यालाच गावातला दयाराम दारात आला. पोरीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, घोंगडी पाहिजे होती.

अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले, मला झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

"ने बाबा. पण लवकर गुंडाळजो. आमाले उशीर झाला."