क्रौंचीची राखण

सगळे जिला दुर्बीण म्हणत, ती कमरेएवढ्या पाण्यातून घरट्यापर्यंत पोचली तेव्हा अंडं तरंगत होतं. दलदलीत पाणी चढलं होतं आणि क्रौंची बाजूला उभी राहून ओरडत होती. दुर्बिणीने अंडं उचललं, ऊब आहे का बघायला गालाला लावलं. तळव्यावर तपकिरी रंग उतरला. तिने नखाने टकटक केलं. लाकूड होतं.

या पाणथळीत क्रौंचांची ही एकच जोडी उरली होती. गेल्या विणीत अंडी चोरीला गेली, म्हणून यंदा तिने मचाणावर मुक्कामच ठोकला होता. सदा डोळ्याला दुर्बीण, म्हणून नावही तेच पडलेलं. आईच्या शेवटच्या दुखण्यातही ती घरी गेली नाही. अंडं टाकून जाणार कशी?

तिला रडू कोसळलं. तरी तिने लव्हाळं दाबून घरटं उंच केलं आणि ते लाकूड पुन्हा नीट ठेवलं, कारण क्रौंची बसायला आतुर झाली होती.

पक्षी संवर्धन केंद्रात उबवणपेटीपाशी दादा बसला होता. तिला काम शिकवणारा तोच. सख्ख्या भावाहून जवळचा. पेटीतून चिवचिव येत होती. तिने रंगलेला तळवा त्याच्यापुढे धरला.

"कळलं म्हणायचं," तो म्हणाला. "तिनं अंडं घातल्या घातल्याच बदललं होतं."

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. ड्रायव्हरलासुद्धा."

"मलाच नाही."

"तुला खोटं वागता येत नाही गं, तोंडावर सगळं दिसतं. तू जीव तोडून राखण करत होतीस, म्हणून तर चोर तिकडेच घुटमळत राहिले." त्याने कौतुकाने पेटीवर हात ठेवला. "आणि हे बघ, सुखरूप बाहेर आलं!"

"आईकडे जाऊन येऊ का, म्हणून विचारलं होतं मी तुला. तू म्हणालास, तुझ्याशिवाय अंडं कोण बघणार?"

दादाचं हसू विरलं. बराच वेळ तो पेटीची काच पुसत राहिला.

"उद्या पिल्लू क्रौंचीखाली सोडायचंय," तो खाली बघत म्हणाला. "ती तुझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही."

सकाळी तिने लाकूड काढून घेतलं आणि पिल्लू ठेवलं. मग मचाणावर जाऊन बसली. क्रौंची परतली. तिने मान वाकवून पिल्लाला चोचीने चाचपलं आणि पंख उचलून पोटाशी घेतलं. आपल्याला फसवलं हे तिला कधीच कळणार नव्हतं. दुर्बिणीला तिचा हेवा वाटला.

वॉकीटॉकी खरखरला.

"घेतलं का तिनं? बोल ना, जीव टांगणीला लागलाय माझा."

पंखाखालून पिल्लाने डोकं बाहेर काढलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

तिने दुर्बीण डोळ्याला लावली.