समाधीतले इंजिन

भाट्ये गावाच्या वरच्या सड्यावर त्या रविवारी सकाळीच एवढी माणसे जमली होती, की काळा कातळ कोठेही मोकळा दिसत नव्हता. मध्यभागी झेंडूच्या माळांनी मढवलेली एक पांढरी मोटार उभी होती. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीपुढे वाजतात तेच ढोल तिच्यापुढे वाजत होते, आणि लोकही तिला 'पालखी'च म्हणत. वस्तुतः ती पेट्रोल आणि वीज अशा दोहोंवर चालणारी, बाजारात हायब्रिड म्हणून मिळणारी साधी मोटार होती.

"जग बॅटरीसाठी रडते आहे!" ऊर्जानंद महाराज ध्वनिवर्धकातून गरजले. "लिथियम पुरेना, निकेल पुरेना. गिऱ्हाईक गाडीसाठी महिनोन्‌महिने ताटकळते. का? कंपन्यांपाशी खाणी आहेत, पण मंत्र नाही! आम्ही या बॅटरीत प्राण भरला आहे. आता इंजिन समाधीत जाईल. पेट्रोलचा थेंब जळणार नाही."

लिटरला किती किलोमीटर पडले, हे दाखवणारा मोटारीतल्या पडद्यावरचा आकडा महाराजांनी शून्यावर आणला आणि त्यांचा शिष्य रितेश याने मोटार सोडली. ती आवाज न करता वळणावळणाने उतरत खाली समुद्राकाठी गेली. मागून दुचाक्या, रिक्षा आणि जयजयकार. वाळूशी थांबताच रितेशने दार उघडून पडदा दाखवला. लिटरला नव्व्याण्णव पूर्णांक नऊ किलोमीटर! त्यापुढचा आकडा त्या यंत्राला दाखवताच येत नव्हता.

गावातल्या गोदूबाईने बॉनेटला हात लावला. "अगो बाई, थंड हाय! खरीच समाधी लागलीय."

इंजिन थंड होते, हे खरेच होते. त्यानंतर पडद्यावर रेशमी शाल पडली. आकड्याला दृष्ट लागते, असे महाराजांचे सांगणे. दर रविवारी लोक प्रसादाच्या रांगेत गुंतले की मोटार एकटीच सड्यावर परत जाई.

माझ्या शेजारी आत्माराम उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. आयुष्य मालवाहू बोटींवर काढलेला हा माणूस वादळाविषयीही हसत बोलत असे. मालनवहिनी गेल्यापासून मात्र त्याच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. मुलगा ओमकार मुंबईला. गणपतीत येई आणि विसर्जनानंतर जाई. ओमकारची मोटारसायकल पडवीत ताडपत्रीखाली होती. बॅटरी उतरू नये म्हणून आत्माराम दर रविवारी ती चालू करी आणि इंजिन फटफटत असेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसे. नंतर तो माझ्या ओटीवर चहाला येई. मीही निवृत्त विज्ञानशिक्षक, मीही एकटा. आमची मैत्री बहुतांशी वादांची होती. पण दिवसभरात मी ज्याच्याशी बोलत असे, असा तो एकच माणूस होता.

गेले काही रविवार तो चहाला आला नव्हता आणि मोटारसायकलही फटफटली नव्हती. त्याचा सगळा वेळ महाराजांच्या मठाला गेला होता. आदल्या संध्याकाळी मीच त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने सांगितले, "सोमवारी कचेरीत जातोय, मास्तर. कलमांची बाग मठाच्या नावावर करतोय."

"कशासाठी?"

"बॅटरीचा कारखाना काढतायत महाराज. हितंच. ओमकारला पहिली नोकरी, असा शब्द दिलाय. पोरगा घरी येईल, मास्तर."

"आत्माराम, बॅटरी म्हणजे वीज ठेवण्याचे भांडे. भांडे मंत्राने भरत नाही. आणि ते घडवायला धातू लागतो. तो खणावा लागतो, शुद्ध करावा लागतो, कारखाने उभे राहायला वर्षे लागतात. म्हणून तर बॅटऱ्या अपुऱ्या पडतात. म्हणूनच या मोटारीत छोटी बॅटरी असते. केवळ विजेवर चालणाऱ्या एका मोटारीच्या बॅटरीइतक्या मालात अशा कित्येक मोटारींची सोय होते."

"तुमचं आपलं सगळ्याला नाय. डोळ्यांनी आकडा बघितलाय मी."

आकडा मीही पाहिला होता. परंतु मी आणखी एक गोष्ट ऐकली होती. माझे घर त्या चढाच्या माथ्याशी आहे, आणि एकट्या माणसाला रस्त्याचे सगळे आवाज पाठ असतात. दर रविवारी समुद्राकडून परतणाऱ्या त्या पालखीचे इंजिन माझ्या खिडकीखाली चांगलेच कण्हत असे.

म्हणून त्या रविवारी, शाल पडताच, मी पुढे झालो आणि हात जोडले. "महाराज, पालखी माझ्या घरी यावी. बोलावणाऱ्या घराला पालखी नाही म्हणत नाही, अशी आपल्याकडची रीत आहे."

महाराज हसले. "पुन्हा कधीतरी, मास्तर. पालखीला विश्रांती हवी."

"बोलावल्यावर पालखी घराकडे वळली नाय, असा कधी झाला नाय!" आत्माराम आनंदाने ओरडला. "मास्तरानू, शेवटी पटला ना तुम्हाला? चला, मी पण बसतो." त्याने माझा हात घट्ट धरला. मी नमलो, असे त्याला वाटले होते. त्या स्पर्शाने मला जो त्रास झाला, तो मी अद्याप विसरलेलो नाही.

लोकांनीही गिल्ला केला. स्वतःच मोटारीला पालखी म्हणवून घेतल्यावर महाराजांना पालखीची रीत मोडता येईना. मागे मी, आत्माराम आणि गोदूबाई बसलो, महाराज पुढे.

"शाल काढा," मी म्हणालो. "घरी येताना पालखीतले देवाचे मुखवटे कोणी झाकत नाही."

"बरोबर हाय," म्हणून आत्मारामनेच हात लांबवून शाल ओढली.

पहिल्या वळणापर्यंत मोटार नि:शब्द होती. दुसऱ्या वळणावर इंजिन गुरगुरले. गोदूबाई दचकली. "ह्यो उठला काय समाधीतून?" चढ वाढत गेला, आकडा पडत गेला. नव्वद, साठ, चाळीस, तीस. माझ्या दारात मोटार थांबली तेव्हा पडद्यावर बावीस होते. मागून दुचाक्यांवरून आलेले लोक काचेशी वाकून पाहू लागले.

"अश्रद्धेची सावली!" महाराज कडाडले. "या माणसाने समाधी मोडली!"

"तपासून पाहू," मी म्हणालो. "तुम्ही इथेच उतरा. मी गाडीत बसतो, म्हणजे माझी अश्रद्धाही बरोबर येईल. रितेश, आकडा शून्यावर आण आणि पुन्हा खाली चल."

रितेशने महाराजांकडे पाहिले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "चल रे, काय बघतोस? जावई हायस काय त्यांचा?"

आम्ही खाली गेलो. महाराज नव्हते, मंत्र नव्हता, मी मात्र होतो. आकडा नव्व्याण्णव पूर्णांक नऊ.

परत वर आल्यावर मी सर्वांना सांगितले ते एवढेच. उतारावर मोटार स्वतःच्या वजनाने धावते, म्हणून इंजिन बंद राहते. साध्या मोटारीत ब्रेक लावला की वेग उष्णतेत वाया जातो. हिच्यातली विजेची मोटर त्या वेगाची वीज करून बॅटरीत ठेवते. ती वीज चढाच्या आरंभी उपयोगी पडते, मग पेट्रोल जळू लागते. उतार-चढ मिळून बावीस. हा आकडा उत्तम आहे. ज्या अभियंत्यांनी तो साधला त्यांना नमस्कार करा. चमत्कार एवढाच, की दर रविवारी तुम्हाला अर्धाच रस्ता दाखवला गेला.

"म्हंजे आम्ही उताराच्या पाया पडत व्हतो?" गोदूबाई म्हणाली, आणि हशा पिकला. त्या हशातच महाराज मोटारीत बसले. माळा काढण्यासही ते थांबले नाहीत.

आत्माराम हसला नाही. तो आपल्या घरात गेला आणि त्याने दार लावले.

सोमवारी तो कचेरीत गेला नाही. बाग राहिली. परंतु माझ्या ओटीवरही तो आला नाही. आठवडाभर मी दोन कप मांडून एकच भरत होतो. माझे म्हणणे निर्विवाद होते, आणि वाद घालायला कोणी उरले नव्हते.

पुढल्या रविवारी मीच गेलो. तो ताडपत्री काढून मोटारसायकलशी बसला होता.

"तुमचा आकडा बरोबर, मास्तर," वर न पाहता तो म्हणाला. "पण पोरगा येणार व्हता ना."

तो मुलाची वाट पाहत होता, हा काही मूर्खपणा नव्हे. ठकाने नेमकी तीच जागा हेरली होती.

त्याने बटण दाबले. क्षीण टकटक झाली. "मठाच्या नादात हिची बॅटरी पण उतरली."

"ढकलू या. उतार आहेच."

"ह्या वयात?"

"लिटरला किती किलोमीटर पडते, ते खाली गेल्यावर मोजू."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. आम्ही दोघांनी ती रस्त्यावर आणली. तो वर बसला, मी मागून रेटा दिला. वळणाआधी इंजिन सुरू झाले आणि तो आवाज सगळ्या चढाने ऐकला.

वाचकहो, कोणी तुम्हाला आकडा दाखवला तर तो कोठून कोठपर्यंत मोजला, हे विचारा. आणि परतीचा रस्ता दाखवल्यावाचून त्याला सोडू नका. मात्र ज्याचा आकडा तुम्ही खोटा ठरवाल, त्याच्या दारी दुसऱ्या दिवशी जा. मी आठ दिवस उशिरा गेलो.