डॉक्टर वच्छलाच्या खिशातली नळी

मी एक जुनी लाकडी नळी आहे, मित्रांनो. माझे एक टोक कर्ण्यासारखे पसरट आणि दुसरे बशीसारखे चपटे. पसरट टोक गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचे, चपट्या टोकाला कान लावायचा, की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. नागपूरच्या एका कारागिराने मला शिसवीच्या ठोकळ्यातून कातून काढले. कात्र्या, चिमटे आणि कापूस यांच्यासोबत पेटीत बसून मी कारंजा लाडच्या रस्त्यावरच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात आले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. नर्स रुखमाबाई मला कानाला लावत, तेव्हा पलंगावरची बाई श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत असे.

“हाय न बाई?”

“हाय वं माय. ठणठणीत हाय.”

एवढे ऐकले की तिचा जीव भांड्यात पडे. त्या आनंदात माझाही वाटा आहे, असे मला वाटायचे.

शहात्तर साली डॉक्टर वच्छला तिथे नेमणुकीवर आली. रिठदच्या ग्यानबा शेतमजुराची ती लेक, तिथल्या बौद्ध वस्तीतली पहिली डॉक्टर. निकाल लागला तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला होता. शिकताना सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहायला बसली की तिला तहानभूक आठवत नसे. पण वेदनेने कोणी किंचाळले की तिचे हात गार पडत. तिकडे कॉलेजात वरचे डॉक्टर शेजारी उभे असत. इथे ती एकटीच डॉक्टर होती. भीती वाटते हे सांगायचे कोणाला? ती मला पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवी आणि कामाला लागे.

जवळच्या मळ्यातली भागिरथा दिवस गेल्यापासून तपासून घ्यायला येत असे. तिचा नवरा गोविंदा भाजीपाला पिकवून कारंज्याच्या बाजारात नेई. एकदा सासू आवडाबाई सोबत आली, तेव्हा वच्छलाने तिच्याच कानाला मला लावले.

“अवं बाप्पा! घोडं पळून राह्यलं आतमंधी!” आवडाबाई ओरडली आणि भागिरथा पोट धरून हसली.

पुढे भागिरथा दवाखान्यातच बाळंत झाली, ती एका दुपारी. मुलगी झाली, रडली, सगळे ठीक दिसत होते. पण भागिरथाचा रक्तस्राव थांबेना. वच्छलाने इंजेक्शने दिली, सलाईन लावले, पोट दाबून धरले. तरी थांबेना. आता तिला दुसऱ्याचे रक्त द्यायला हवे होते, आणि ते मिळणार होते लांब अकोल्याला. दवाखान्याची जीप त्या दिवशी शिबिरासाठी बाहेरगावी गेलेली. गोविंदाने रस्त्यात आडवे उभे राहून कारंज्याची एसटी थांबवली. कारंज्याला मोटार करून पुढे न्यायचे ठरले. प्रवाशांनी मागची बाके रिकामी केली. वच्छला खाली गुडघे टेकून दोन्ही मुठींनी पोट दाबत राहिली. खड्ड्यात बस आदळली की मी तिच्या खिशात उसळत होते.

“डॉक्टरीनबाई, मले थंडी वाजून राह्यली,” भागिरथा म्हणाली.

बस कारंज्यात शिरण्याआधीच ती गेली. तरीही वच्छला मुठी उचलीना. शेवटी कंडक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटले, “बाई, राहू द्या आता.”

त्यानंतर वच्छला पहिल्यासारखी राहिली नाही. मला कुणाच्या पोटावर टेकवून ती कान लावी, पण तिला स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू येई. ती ठोके पुन्हा पुन्हा मोजी, तरी विश्वास बसत नसे. “रुखमाबाई, तुम्ही ऐका,” म्हणत ती मागे सरे. एसटीचा आवाज आला की ती भरल्या ताटावरून उठे. रुखमाबाई ताट झाकून ठेवत. ते तसेच राही.

ग्यानबा भेटायला आला, तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर ती त्याच्याजवळ बसली. मी तिच्या हातातच होते.

“बाबा, मले हे जमत नाही.”

“काहून वं?” तो दचकला. “अख्खी वस्ती तुह्यं नाव घेते.”

“म्हनूनच बोलली नाही. कोनी बाळंतीन आली का मले पळून जावंसं वाटते. असा डॉक्टर लोकायच्या काय कामाचा? माह्या हातून आनखी कोनी मरंल, बाबा!”

ती ओक्साबोक्शी रडू लागली. ग्यानबाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तो म्हणाला, “तुले झेपते का, हे मी कधी इचारलंच नाही. डॉक्टर झाली का समदं सरलं, असं मले वाटे. चाल पोरी, घरी चाल.”

जाण्याआधी ती भागिरथाच्या घरी गेली. आवडाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. वच्छला दाराशीच थांबली.

“मी नोकरी सोडून चालली, आजी. मले माफ करा.”

“तुमी त लई केलं, बाई. यष्टीतल्या लोकायनं सांगतलं मले,” आवडाबाई म्हणाली. मग नातीला छातीशी धरत ती म्हणाली, “पन तुमी गेल्यावर इथं कोन हाय वं? उद्या दुसरी कोनी अडली त तिनं कोनाकडं जावं?”

वच्छला दारातूनच माघारी फिरली. तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

दवाखान्यात येऊन तिने मला रुखमाबाईंच्या हातात दिले आणि ती रिठदच्या गाडीत बसली. कितीतरी दिवस ती घराबाहेर पडली नाही. पुढे नागपूरच्या एका रक्तपेढीत ती कामाला लागली. बाटल्या तपासायच्या, रक्ताचे गट जुळवायचे. तिथे तिचे हात गार पडत नाहीत, असे ग्यानबाने एकदा मुद्दाम येऊन रुखमाबाईंना सांगितले. आमच्या दवाखान्यात मात्र बरेच दिवस डॉक्टर आला नाही. एका अडलेल्या बाईला रुखमाबाईंनी बैलगाडीतून कारंज्याकडे रवाना केले. ती परत आली नाही. गावात लोक वच्छलाला पळपुटी म्हणत. रुखमाबाई भांडत नसत, पण मला पुसताना त्यांचे डोळे भरून येत.

आता दवाखान्यात नवी यंत्रे आली आहेत. मी कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असते. माझ्या लाकडाला चीर गेली आहे.

मित्रांनो, मला उचला, पुसा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यातले कोणी डॉक्टर होतील, कोणाची ताई होईल. त्यांच्या गळ्यात हार घालाल, त्या दिवशी त्यांना एकीकडे नेऊन विचारा, तुला भीती वाटते का? वाटते म्हणाले तर हसू नका. त्यांच्यासोबत दुसरा माणूस द्या, रक्त द्या, गाडी द्या. आणि एवढे करूनही कोणी घाबरून परत आले, तर दारात उभे करून जाब विचारू नका. आधी घरात घ्या.