कपाटाची बोंब

औषधांच्या थंड कपाटासाठी ड्रायव्हर मी लिहिला होता. म्हणजे सेन्सरकडून तापमान घेऊन कपाटाला कळवणारा छोटा प्रोग्रॅम. कळवण्याच्याही पायऱ्या असतात. 'एरर' म्हटलं की भोंगा वाजतो, 'वॉर्निंग'ला पिवळा दिवा लागतो आणि 'डीबग' म्हणजे आमची आपसातली कुजबुज. गिऱ्हाइकाच्या यंत्रात ती उमटतच नाही.

सेन्सर अधूनमधून एखादं माप चुकवायचा. मी त्यालाही एरर लावला होता.

काम बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली होतं. निवृत्तीनंतर मला त्यानंच बोलावून घेतलं होतं.

"दाजी, तुमचं कपाट ऊठसूट बोंब मारतं," तो म्हणाला. "असलं रडकं ध्यान रुग्णालयवाले घेतील का?"

त्याचं बरोबर होतं. माझं बरोबर आहे असं मला तसंही क्वचितच वाटतं. एखादं माप चुकलं तर वॉर्निंग, सेन्सर गप्पच झाला तर एरर, असं दोघांनी मिळून ठरवलं. मी बदल करून दिला. त्यानं पाठीवर थाप मारली.

चाचणीला रुग्णालयाच्या औषधालयातल्या बाई आल्या. त्यांनी काही न विचारता सेन्सरची वायरच उपटली. आम्ही भोंग्याची वाट पाहत राहिलो. कपाट मख्ख. हिरवा दिवा तसाच.

"आत लसी नासल्या तरी हे असंच बसणार का?" बाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर दाजींचा आहे," मेव्हणा हसून म्हणाला. "वय झालं, होतं असं."

मी लॅपटॉप उघडला. माझे दोन्ही संदेश डीबगवर उतरवलेले होते. बदल आदल्या दिवशीचा, मेव्हण्याच्या नावावर.

"तुम्ही केलंत हे?" बाई माझ्याकडे वळल्या.

चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. तरी म्हणालो, "नाही. मी भोंगा ठेवला होता." आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

कपाट नाकारलं गेलं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "एवढं ताणायची काय गरज होती?" ती म्हणाली. "चाचणी झाली की भोंगा परत लावणारच होता तो."

"तुला काय माहीत?"

"काल फोन आला होता त्याचा. दाजी परक्यांसमोर काही बोलतील का, विचारत होता."

"मग?"

तिनं माझ्या सदऱ्याची बाही सरळ केली.

"मी म्हटलं, ते कसले बोलतात!"