ठणठणीत पोर

भर उन्हाळ्यात, डास औषधालाही सापडत नव्हता तेव्हा, नर्सबाई शाळेत येऊन पोरांची बोटं टोचून गेल्या आणि थोड्याच दिवसांत थेट घरी येऊन थडकल्या. थोरल्या सुनेच्या पोराच्या, घरच्यांच्या लाडक्या पैलवानाच्या, रक्तात मलेरिया निघाला होता.

"मलेरिया? याला?" थोरली खवळली. पैलवान त्या वेळी दाराला लोंबकळून झोके घेत होता. "अंगात कणकण तरी आहे का? चांगल्या पोराला रोग चिकटवायला निघालात!"

नर्सबाईंनी परोपरीनं समजावलं. मुलांच्या रक्तात तो असा महिनोन्‌महिने गपगुमान बसतो, ताप म्हणून येत नाही. पावसाळ्यात डास वाढले, की यांचं रक्त पिऊन दुसऱ्याला चावतात. घरात तान्हं बाळ आहे, गोळ्या द्या.

बाळ धाकटीचं होतं. "देऊन टाका ना, ताई," ती भीतभीत जावेला म्हणाली.

"तुझ्या पोरीपायी माझ्या पोराला विष चारू?"

सासूबाईंनीही थोरलीचीच री ओढली आणि गोळ्या केरात गेल्या. धाकटीनंच तो केर भरून टाकला. त्याच घरात राहायचं होतं. पैलवानाचा मात्र काकूवर भारी जीव. शाळेतून आला की दप्तर भिरकावून तो आधी बाळाशेजारी आडवा व्हायचा.

पावसाळ्यात बाळाला ताप भरला. दात येत असतील, असं सासूबाई म्हणाल्या. दवाखान्यात नेऊन मलेरिया आहे हे कळेपर्यंत उशीर झाला होता. धाकटी रिकाम्या हातांनी घरी आली.

"तेव्हा गोळ्या दिल्या असत्या तर..." ती एकदाच म्हणाली.

"कुणाचं रक्त पिऊन आला ते डास सांगून गेला का तुला?" थोरलीनं तिला उडवून लावलं.

ते कुणालाच सांगता आलं नसतं, नर्सबाईंनाही नाही. धाकटीला तेच सोसत नव्हतं.

पण थोरलीनं मनातून धसका घेतला होता. पैलवानाचं रक्त पुन्हा तपासून घेऊन ती स्वतःच गोळ्या घेऊन आली. तो कुठला ऐकतोय! घरभर पळाला, गोळी थुंकून मोकळा झाला.

"तू दे ना गं," थोरली धाकटीला म्हणाली. "तुझंच ऐकतो तो."

धाकटीनं पाणी आणलं. हाक मारताच पैलवान निमूट तिच्यापुढे येऊन बसला. तिनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, गिळेपर्यंत हनुवटी धरून ठेवली. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि मग शाबासकीसाठी तिच्याकडे बघून हसला.

"शहाणा गं माझा राजा," त्याची आई म्हणाली.

त्याचे ते गुबगुबीत गाल धाकटीला बघवेनात. हा का जगला, असं तिच्या मनात आलं, आणि पोर तर तिच्याच मांडीवर डोकं टेकत होतं.