नक्कल नसलेल्या वह्या

"ही मासळीची भानगड आधी काढून टाका," असं म्हणत ग्रंथपालांनी लाल पेनाची रेघ अशी ओढली, की कागद फाटला.

समोर उभ्या असलेल्या सहायक बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. आपत्ती आली तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयानं काय करायचं, याची ती चार पानी योजना. बाईंनी दोन वर्षं खपून केलेली. कुठली चावी कुठल्या खिळ्याला, पाणी कुठून बंद होतं, आधी काय उचलायचं, मग काय. रेघ पडली ती सातव्या कलमावर: भिजलेली दुर्मीळ पुस्तकं न उघडता, कापडात गुंडाळून, त्याच दिवशी बंदरावरच्या शीतगृहात हलवावीत.

"साहेब, ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो. गोठवला की बुरशी थांबते. मग सवडीनं एकेक काढून सुकवता येतो."

"आग लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, कबूल. पण तुम्ही आग नसतानाच खणायला निघालात, आणि तीही मासळीबाजारात! तपासणी समिती हसेल हो. पुस्तकं माशांच्या मांडीला मांडी लावून बसणार?"

मागच्या टेबलावरचा लेखनिक फिसकन हसला. बाईंचं 'बर्फबाई' हे नाव त्यानंच पाडलं होतं.

"चार महिने राहिलेत तुमचे," ग्रंथपाल म्हणाले. "चौतीस वर्षांत एक डाग नाही नोकरीवर. तसंच निघा. आणि सातव्या कलमात आता लिहा, लेखी परवानगीशिवाय चिटोरंही बाहेर जाणार नाही."

बाईंनी ते आपल्याच हातानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, मोत्यासारखं. त्याचाच त्यांना राग आला.

त्यांचा जीव अडकला होता तो एकतीस वह्यांत. वनस्पतिशास्त्राचे एक म्हातारे सर होते. रोज पहाटे मागच्या टेकडीवर जायचे आणि कुठल्या झाडाला कधी पालवी आली, कधी मोहोर धरला, कधी पानगळ लागली ते टिपून ठेवायचे. वर्षाला एक वही, अशी एकतीस वर्षं. टेकडीवर पाऊस गाठायचा म्हणून सारं शिसपेन्सिलीनं. "शाई पाण्याबरोबर पळते, बाई. शिसं घर सोडत नाही," ते म्हणायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी गठ्ठा बाईंच्या हाती दिला. "यांची नक्कल नाही," एवढंच बोलले.

पुढे या नव्या ग्रंथपालांनी त्या वह्या अगदी खालच्या फळीवर टाकल्या. कोण मागतं त्या? नजरेच्या उंचीवर संस्थेच्या अध्यक्षांचे सोनेरी कण्याचे बारा खंड बसले.

शीतगृहाच्या मालकिणीला राजी करायला बाईंना तीन खेपा पडल्या होत्या. बाजारात सगळे तिला मावशी म्हणत, आणि तिच्या तोंडाला लागायला भीत.

"पुस्तकं ठेवू? माझ्या माशांना वास लागला तर?" मावशीनं विचारलं होतं.

"मावशी, वास तुमच्या माशांचा."

"माझे मासे ताजे आहेत. तुमची पुस्तकं किती वर्षांची?"

"काही शंभरेक."

"मग शिळी कोण?" मावशी कमरेवर हात ठेवून हसली होती. हसता हसताच हो म्हणाली होती.

पाण्याला कुणी वाट सांगत नाही, त्याची त्याला ठाऊक असते. सुट्टीच्या दिवशी वरच्या रसायनशाळेतला नळ तुटला. रात्रंदिवस वाहिला. सोमवारी दार उघडलं तेव्हा छत गळत होतं, वरच्या फळ्या चिंब होत्या आणि खाली घोटाभर पाणी. बाई चपलांसकट आत शिरल्या. आधी मुख्य नळ बंद केला, मग खालच्या फळीशी गुडघ्यावर बसल्या. वह्या फुगून एकमेकींना बिलगल्या होत्या.

"गच्चीवर न्या सगळं! उघडून पसरा उन्हात!" ग्रंथपाल ओरडत होते.

"उघडू नका, साहेब! पानं चिकटतील!"

"तुमचा बर्फ तुमच्याजवळ ठेवा!"

शिपाई आणि लेखनिक खंड छातीशी धरून जिना चढू लागले. बाईंकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी एकेक वही जुन्या पडद्याच्या तुकड्यात गुंडाळली, तान्ह्याला गुंडाळावं तशी, एकही पान न उघडता. मग मावशीला फोन लावला.

टेम्पो आला तो मासळीच्या रिकाम्या खोक्यांनी भरलेला. ग्रंथपाल दारात आडवे उभे राहिले.

"परवानगी?"

"तुम्ही देणार नाही."

"पाऊल बाहेर टाकलंत तर चोरी म्हणून लिहीन. स्वतःच्या हातानं लिहिलंय ना कलम? विसरलात?"

बाईंच्या हातात वह्यांचं पहिलं खोकं होतं. पाणी कोपरावरून ठिबकत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी रजेचा अर्जसुद्धा कधी उशिरा दिला नव्हता.

"नाही विसरले," त्या म्हणाल्या. "लिहा. एकतीस लिहा. आकडा चुकवू नका."

दुसऱ्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरादाखल बाईंनी एकतीस वह्यांची यादी जोडली आणि खाली सही केली. चौकशी बसली. लेखनिकानं 'बर्फबाई' सोडून 'मासळीचोर' धरलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर कुणी बसेना.

आठ दिवसांनी गच्चीवरून जे उतरलं ती पुस्तकं नव्हती, विटा होत्या. सोनेरी कणे तेवढे चमकत होते. त्याबद्दल कुणी कुणाला नोटीस दिली नाही.

रोज काम सुटलं की बाई बंदरावर जात. शीतगृहाच्या माडीवर दोन-दोन वह्या काढायच्या, विरघळू द्यायच्या, सुटेल तसं पान सोडवायचं, मध्ये टिपकागद घालायचा, पंखा लावायचा. घाई केली की पान रुसायचं.

"तुमच्यापायी माझं कोळंबीचं खोकं बाहेर राहतंय," मावशी रोज कुरकुरायची आणि रोज चहाचा पेला आपटून जायची. एकदा मात्र वाकून तिनं विचारलं, "काय लिहिलंय एवढं?"

बाईंनी वाचलं, "वळणावरची चिंच. आज पहिली पालवी. मागल्या सालापेक्षा नऊ दिवस आधी."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी बोर."

"त्या मेल्याला दुसरं काम नव्हतं," मावशी म्हणाली आणि पंखा जरा जवळ सरकवून गेली.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी वह्या परत आणल्या. चौकशी संपली नव्हती, म्हणून निरोपाचा कार्यक्रम नव्हता. ग्रंथपालांनी नाकाला रुमाल लावून वह्या मोजल्या. दोनदा मोजल्या.

"एकतीस. वास येतोय यांना."

"येतो, साहेब. असलेल्या वस्तूलाच येतो."

"ठेवा होत्या तिथं, खालच्या फळीवर. आणि चौकशीला बोलावलं की यायचं."

ते निघून गेले. नजरेच्या उंचीवरची फळी बारा खंडांवाचून अजून रिकामीच होती. बाईंनी वह्या तिथं लावल्या, पहिल्या सालापासून शेवटच्या सालापर्यंत, हातानं सरळ केल्या.

दाराशी आपत्तीची योजना काचेविना टांगलेली होती. समितीनं तिच्यावर 'उत्तम' असा शेरा मारून सही केली होती. सातव्या कलमात बाईंचं मोत्यासारखं अक्षर: लेखी परवानगीशिवाय चिटोरंही बाहेर जाणार नाही.

टेबलावर शाईचं पेन पडलं होतं. ते त्यांनी बाजूला सारलं. पर्समधून शिसपेन्सिल काढली, टोक ओठांशी ओलं केलं आणि त्या ओळीखाली बारीक अक्षरात मावशीचा फोन नंबर लिहिला. एकदा वाचून पाहिला. मग चावी तिच्या खिळ्याला लावली.